सोयाबीन पेंड परवडेनाशी झाली, तर डुकरांना प्रथिने कशातून द्यावीत?

वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन तृतीयांश खर्च खाद्यावर होतो आणि त्या खाद्यात सर्वांत जड जाणारी बाब म्हणजे प्रथिने पुरवणारी पेंड. पुण्याच्या आसपासच्या अनेक लहान वराहपालकांनी आजवर हा खर्च हॉटेले, खाणावळी आणि मंगल कार्यालये यांच्याकडून मिळणाऱ्या उरलेल्या अन्नावर भागवला. मात्र 2020 मध्ये ईशान्य भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाचा शिरकाव झाला आणि उष्ट्या अन्नाचा हा मार्ग धोक्याचा ठरला. या रोगाचा विषाणू डुकराच्या मांसाच्या तुकड्यांत दीर्घकाळ टिकतो, त्यावर औषध नाही आणि असे तुकडे असलेले अन्न पुरेसे न उकळता घातले, तर अख्खा कळप हातचा जाऊ शकतो. त्यामुळे मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, सोयाबीनची पेंड आणि खनिज मिश्रण अशा खुराकाचा हिशेब आता लहान पालकालाही मांडावा लागतो, आणि तो मांडायला बसले की पहिली अडचण सोयाबीन पेंडीच्या भावाची येते.

हा भाव किती बेभरवशाचा असतो, ते 2021 मध्ये सर्वांनी पाहिले. त्या वर्षी पेंड इतकी महागली की ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. तेव्हापासून कुक्कुटपालकांप्रमाणे वराहपालकही विचारू लागले की सोयाबीनऐवजी भुईमुगाची पेंड, सरकीची ढेप, सूर्यफुलाची पेंड, डाळ मिलमधली चुनी किंवा इथेनॉल कारखान्यातून निघणारा चोथा चालेल का. या प्रश्नाला दुकानातून मिळणारे उत्तर बहुधा पोत्यावरच्या एका आकड्याचे असते: इतके टक्के प्रोटीन. माझे म्हणणे असे आहे की केवळ या आकड्यावर पेंड निवडणारा माणूस फसतो. पेंडीत पचणारे लायसिन (प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) किती आहे आणि तिच्यासोबत कोणता अपायकारक घटक येतो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही पर्यायाचा खरा भाव कळत नाही.

पोत्यावरचा आकडा कुठून येतो

प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीत प्रथिने थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात, कारण प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो. डेन्मार्कमधील योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. पण तो नायट्रोजन नेमका कशातून आला, हे ती सांगू शकत नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे 100 किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला तर कागदावरची प्रथिने जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. गाई-म्हशींच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव मर्यादित प्रमाणात युरियापासून प्रथिने तयार करू शकतात आणि म्हणून काही पशुखाद्यांत तो जाणूनबुजून घातलेला असतो. डुकराला असे पोट नसते. युरियाचा त्याला काही उपयोग नाही, उलट तो बाहेर टाकण्याचा भार मात्र पडतो. दुभत्या जनावरांची गोळी पेंड डुकरांना घालू नये, याचे हे एक कारण आहे.

नायट्रोजन खऱ्या प्रथिनांतलाच आहे असे धरले, तरी गोष्ट संपत नाही. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. या आम्लांचे वीस प्रकार आहेत आणि त्यांपैकी साधारण निम्मे प्रकार डुकराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही, ते खाद्यातूनच मिळावे लागतात. मांस तयार होताना ही आम्ले ठरावीक प्रमाणातच वापरली जातात. एखादे आम्ल कमी पडले, तर बाकीची मुबलक असूनही मांस तेवढ्यावरच थांबते; उरलेली आम्ले यकृतात मोडली जातात आणि त्यांतला नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडतो. गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतो, त्यात या वाया गेलेल्या प्रथिनांचा मोठा हात असतो.

मक्यावर पोसलेल्या डुकराला सर्वांत आधी कमी पडणारे आम्ल म्हणजे लायसिन. शंभर किलो मक्यात प्रथिने आठ-नऊ किलो असतात, पण लायसिन जेमतेम 250 ग्रॅम. शंभर किलो सोयाबीन पेंडीत प्रथिने 45 किलोच्या आसपास आणि लायसिन सुमारे 2.8 किलो. मका आणि सोयाबीन ही जोडी जगभर डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात ठाण मांडून बसली आहे, ती मुख्यतः या आकड्याच्या बळावर. आता याच मोजपट्टीवर इतर पेंडी ठेवून पाहाव्यात. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने सोयाबीनइतकीच, 45 टक्क्यांच्या आसपास असतात, परंतु 100 किलोमागे लायसिन दीड किलोच्या घरात असते. सूर्यफुलाच्या पेंडीत ते सव्वा किलोपर्यंत पोहोचत नाही आणि तिळाच्या पेंडीत, प्रथिने 40 टक्के असूनही, ते एक किलोच्या आसपास राहते.

त्यातही जेवढे लायसिन आहे तेवढे सगळे पचत नाही. पचन मोजण्यासाठी संशोधक डुकराच्या लहान आतड्याच्या शेवटी छोटी नळी बसवून तिथवर काय शिल्लक राहिले ते तपासतात, कारण पुढच्या मोठ्या आतड्यात जीवाणू प्रथिने फस्त करतात आणि त्याचा डुकराला फारसा लाभ होत नाही. या मोजणीत सोयाबीन पेंडीतले जवळजवळ 90 टक्के लायसिन पचते असे दिसते. भुईमूग आणि सूर्यफूल यांच्या बाबतीत हे प्रमाण पाऊणशेच्या थोडे पुढे जाते, तर सरकीच्या पेंडीत आणि मक्याच्या चोथ्यात ते साठीच्या आसपास घसरते.

शंभर किलो खुराकाचा एक हिशेब

साधारण 50 किलो वजनाच्या, वाढीला लागलेल्या यॉर्कशायर जातीच्या डुकरासाठी 100 किलो खुराक करायचा आहे असे समजू. त्यात 70 किलो मका भरडा, 22 किलो सोयाबीन पेंड, पाच किलो गव्हाचा कोंडा आणि उरलेले तीन किलो खनिज मिश्रण, मीठ, चुनखडी वगैरे. मक्यातून 175 ग्रॅम, सोयाबीनमधून 616 ग्रॅम आणि कोंड्यातून 30 ग्रॅम असे एकूण 821 ग्रॅम लायसिन मिळते. प्रथिनांचा आकडा साडेसोळा टक्क्यांच्या जवळ येतो.

आता सोयाबीनची निम्मी पेंड काढून तिच्या जागी 11 किलो भुईमुगाची पेंड घातली. प्रथिनांचा आकडा जागचा हलत नाही. प्रयोगशाळेत नमुना दिला तर अहवालही तोच येईल. लायसिन मात्र 821 ग्रॅमवरून 678 ग्रॅमवर उतरते, म्हणजे एक षष्ठांशाहून अधिक घट. कागदावर सारख्याच दिसणाऱ्या या दोन खुराकांपैकी दुसऱ्यावर डुकरे हळू वाढतात, त्यांच्या अंगावर चरबी अधिक चढते आणि विक्रीचे वजन गाठायला जास्त दिवस लागतात. स्वस्त पेंडीत वाचवलेले पैसे त्या जादा दिवसांच्या खुराकात निघून जातात.

घटलेले 143 ग्रॅम भरून काढण्याचा उपाय आहे. खाद्यासाठी मिळणाऱ्या लायसिनच्या भुकटीत 78 टक्क्यांच्या आसपास शुद्ध लायसिन असते, म्हणजे 100 किलो खुराकात सुमारे 185 ग्रॅम भुकटी घातली की हिशेब पुन्हा जुळतो. ही भुकटी म्हणजे काही संशयास्पद रसायन आहे, असा समज अनेकांच्या बोलण्यात येतो, म्हणून थोडे स्पष्ट करतो. साखर, मळी किंवा स्टार्च यांच्यावर विशिष्ट जीवाणू वाढवून आंबवण्याच्या प्रक्रियेने लायसिन तयार होते. हा जीवाणू 1950 च्या दशकात जपानमध्ये सापडला आणि आज जगभर खाद्यासाठी वापरले जाणारे लायसिन याच मार्गाने बनते. सोयाबीनमधले लायसिन आणि भुकटीतले लायसिन यांच्या रेणूत फरक नाही. भुकटीतले तर जवळजवळ पूर्ण पचते.

मात्र ही वाट अमर्याद नाही. लायसिन भरून काढत गेलो की पुढच्या क्रमांकाचे आम्ल कमी पडू लागते: थ्रिओनिन, मेथिओनिन, मग ट्रिप्टोफॅन. लायसिन 100 धरले, तर वाढत्या डुकराला मेथिओनिन आणि सिस्टिन मिळून 55 ते 60, थ्रिओनिन 60 ते 65 आणि ट्रिप्टोफॅन 17-18 या प्रमाणात लागते. भुईमुगाची पेंड लायसिनप्रमाणेच मेथिओनिन आणि थ्रिओनिन यांतही दुबळी आहे, म्हणून सगळी सोयाबीन काढून फक्त भुईमूग आणि लायसिनची भुकटी यांवर खुराक उभा करता येत नाही. निम्म्यापर्यंतचा बदल सुरक्षित आणि त्यापुढचा प्रत्येक किलो आहारतज्ज्ञाकडून हिशेब करूनच घालावा, असे मला वाटते.

भुकटीचा आणखी एक फायदा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. आम्लांचा तोल सांभाळून खुराकातली एकूण प्रथिने एका टक्क्याने कमी केली, तर बाहेर पडणारा नायट्रोजन साधारण आठ ते दहा टक्क्यांनी घटतो. शहराच्या कडेला, सोसायट्यांनी वेढल्या गेलेल्या जागेत डुकरे पाळणाऱ्यांसाठी वासाच्या तक्रारी हा व्यवसाय टिकण्या-न टिकण्याचा विषय झाला आहे, तिथे या आकड्याला मोठा अर्थ आहे.

भुईमूग: पेंड चांगली, बुरशी वाईट

पुण्यात गेल्या काही वर्षांत लाकडी घाण्यांच्या तेलाची दुकाने ठिकठिकाणी निघाली आहेत आणि त्यांच्याकडे भुईमूग, तीळ, करडई, खोबरे यांची ताजी पेंड मिळते. या पेंडीला वास खमंग असतो आणि डुकरे ती आवडीने खातात. घाण्यावरच्या पेंडीत तेल बरेच उरते, बहुधा सात-आठ टक्के किंवा त्याहून अधिक, म्हणून तिची ऊर्जा जास्त आणि प्रथिने थोडी कमी. तेल उरल्यामुळे ती उन्हाळ्यात लवकर खवट होते आणि विक्रीपूर्वीच्या शेवटच्या दोन महिन्यांत जास्त घातली, तर डुकराची चरबी मऊ, तेलकट पडते. खाटीक अशा मालाला कमी भाव देतो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

परंतु भुईमुगाचा खरा धोका तेलाचा नसून अफ्लाटॉक्सिन या विषाचा आहे. शेंग जमिनीत वाढते, काढणीच्या वेळी पाऊस लागला किंवा शेंगा नीट वाळल्या नाहीत तर तिच्यावर अस्परजिलस नावाची हिरवट-पिवळी बुरशी धरते, आणि ती हे विष सोडते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. तपासाअंती ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड कारणीभूत असल्याचे आढळले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. डुकरांत हे विष यकृतावर आघात करते. खाणे मंदावते, वाढ खुंटते, पिल्ले रोगांना सहज बळी पडतात, आणि हे सगळे इतक्या सावकाश घडते की पालक औषधांवर खर्च करत राहतो, पेंडीकडे त्याचे लक्ष जात नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मका आणि भुईमूग यांच्यासाठी ठरवलेल्या मर्यादा या बाबतीत मार्गदर्शक आहेत: लहान जनावरांसाठी 20 पीपीबी, पैदाशीच्या डुकरांसाठी 100 आणि विक्रीला येणाऱ्या मोठ्या डुकरांसाठी 200. वीस पीपीबी म्हणजे एका टनात अवघे 20 मिलिग्रॅम. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. बुरशी मेली तरी विष उरते आणि पेंड उन्हात वाळवून किंवा शिजवून ते जात नाही. ज्या पेंडीचा गठ्ठा फोडल्यावर कुबट वास येतो किंवा आत हिरवट जाळी दिसते, ती फेकून द्यावीच. पण स्वच्छ दिसणारी पेंडही जुलै ते ऑक्टोबर या दमट महिन्यांत तपासूनच घ्यावी. बेंटोनाइटसारखी माती मिसळलेले टॉक्सिन बाइंडर अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी बांधून ठेवतात, तेवढा आधार घ्यायला हरकत नाही. दूध तुटलेल्या पिल्लांना मात्र भुईमुगाची पेंड न देणेच बरे.

सरकीची ढेप का नको

महाराष्ट्रात ढेप म्हटले की सरकीच आठवते. म्हशीला ती मानवते, दुधाला फॅट लागते, म्हणून घरात म्हैस आणि डुक्कर दोन्ही असतील तर एकच पोते दोघांपुढे ओतण्याचा मोह होतो. सरकीच्या बीमध्ये गॉसिपॉल नावाचा पिवळा रंगद्रव्यासारखा पदार्थ सूक्ष्म ग्रंथींत साठलेला असतो. म्हशीच्या पहिल्या पोटात तो प्रथिनांशी बांधला जाऊन बराचसा निरुपद्रवी होतो. डुकराच्या शरीरात मोकळे गॉसिपॉल साठत जाते आणि हृदयाच्या स्नायूवर परिणाम करते. काही आठवडे काहीच जाणवत नाही. मग डुक्कर धापा टाकू लागते आणि चांगले वाढलेले जनावर एके सकाळी मेलेले आढळते. शवविच्छेदनात छातीत पाणी साठलेले दिसते.

डुकराच्या एकूण खुराकात मोकळे गॉसिपॉल 100 पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या, पुढे जाऊ नये, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. खुराकात फेरस सल्फेट घातले तर त्यातले लोह गॉसिपॉलला बांधते आणि मर्यादा थोडी वाढवता येते. आणखी एक पेच असा की पेंड काढताना उष्णतेने गॉसिपॉल बांधले जाते खरे, पण ते बांधले जाते लायसिनशीच, त्यामुळे विष कमी होते तसे पचणारे लायसिनही कमी होते. तपासणीची सोय नसलेल्या लहान पालकाने सरकी डुकरांपासून दूरच ठेवावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. स्वस्त आहे म्हणून घेण्यासारखा हा पर्याय नाही.

सोयाबीन घरीच भरडणाऱ्यांसाठी

पेंड महाग म्हणून काही जण शेतातले अख्खे सोयाबीन भरडून घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला निकामी करणारा घटक असतो, त्यामुळे कच्चे दाणे खाणारे डुक्कर प्रथिने पचवू शकत नाही आणि पिल्लांना हगवण लागते. दाणे भाजल्याने किंवा उकडल्याने हा घटक नष्ट होतो. तो पुरेसा नष्ट झाला की नाही, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचे विघटन करणारे युरीएज नावाचे विकरही असते आणि तेही साधारण तेवढ्याच उष्णतेला नष्ट होते. झाकणाच्या बाटलीत दोन चमचे भरडलेले सोयाबीन, चिमूटभर युरिया आणि थोडे कोमट पाणी घालून हलवावे, अर्ध्या तासाने झाकण उघडून वास घ्यावा. अमोनियाचा झणका आला, तर दाणे कच्चे आहेत.

हीच क्रिया उलट बाजूनेही कामी येते. विकत आणलेल्या पेंडीत युरियाची भेसळ असल्याचा संशय असेल, तर ती पेंड, कच्च्या सोयाबीनचे पीठ आणि कोमट पाणी एकत्र करून बाटली बंद करावी. आता अमोनिया सुटला, तर युरिया पेंडीतला आहे. दोन्ही वेळा शेजारी एक साधी बाटली, युरियाशिवाय किंवा संशयित पेंडीशिवाय, ठेवली म्हणजे तुलना करता येते. या चाचणीने जास्त भाजलेला माल मात्र ओळखता येत नाही. जास्त उष्णतेने लायसिन शर्करेशी जोडले जाऊन पचनाबाहेर जाते. गडद तपकिरी रंग आणि करपट वास ही त्याची खूण आहे.

इथेनॉल कारखान्याचा चोथा

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले आणि त्यांचा वाळवलेला चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, भरपूर मिळू लागला. मक्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग स्टार्चचा. तो आंबून निघून गेला की उरलेले सगळे तिप्पट दाट होते: प्रथिने आठ-नऊवरून 27 टक्क्यांच्या आसपास जातात, तेल वाढते, तंतू वाढतात. मूळ मक्यात बुरशीचे विष असेल, तर तेही तिप्पट होते, आणि इथे डुकरांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, कारण झिअरालेनोन या विषाला पाळीव जनावरांत डुक्कर सर्वाधिक संवेदनशील आहे. हे विष मादीच्या संप्रेरकासारखे वागते. न व्यालेल्या लहान माद्यांचे योनीद्वार सुजून लाल होते, माजाचे चक्र बिघडते, गाभ राहत नाही. अफ्लाटॉक्सिनवर चालणारी बेंटोनाइट माती या विषावर फारशी चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

चोथ्यातले लायसिन आधीच कमी, शंभर किलोमागे 700-800 ग्रॅम, आणि वाळवताना लागलेल्या उष्णतेने त्यातलेही बरेच निकामी झालेले असते. म्हणून हा माल घेताना रंग पाहावा. सोनेरी पिवळा, गोडसर आंबूस वासाचा चोथा बरा. काळपट आणि जळका वास येणारा परत करावा. विक्रीच्या डुकरांच्या खुराकात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत, लायसिनची भुकटी जोडून, तो चांगला चालतो. पैदाशीच्या माद्यांना देण्याआधी विषाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. तांदळाच्या चोथ्यात प्रथिने 45 टक्क्यांपर्यंत असतात. दोन्हींना एकच नाव असल्याने पोते कशाचे आहे ते विचारून घ्यावे.

चुनी, सूर्यफूल, तीळ आणि थोडा युरोप

युरोपातील देशांनी 2001 मध्ये मॅड काऊ रोगाच्या धास्तीने पाळीव जनावरांच्या खाद्यात मांस-हाडांची भुकटी बंद केली आणि त्यांची आयात सोयाबीनवरची भिस्त वाढली. ती कमी करण्यासाठी तिथे मोहरीच्या कुळातली रेपसीड पेंड आणि वाटाणा, फावा घेवडा, ल्युपिन ही कडधान्ये यांच्यावर बरेच काम झाले. आपल्याला त्यातून घेण्यासारखी गोष्ट ही की कडधान्यांतली प्रथिने लायसिनच्या बाबतीत श्रीमंत असतात. आख्खा हरभरा किंवा तूर डुकराला घालणे आपल्याकडे परवडणार नाही आणि ते योग्यही वाटत नाही, पण डाळ मिलमधून निघणारी तूर, हरभरा आणि मूग यांची चुनी माणसाच्या ताटातून काही हिरावून घेत नाही. चुनीत मेथिओनिन कमी असते, ते तिळाच्या आणि सूर्यफुलाच्या पेंडीत भरपूर असते. वरण आणि भात जसे एकमेकांची उणीव भरून काढतात, तसेच या दोन गटांचे आहे. त्यामुळे आठ-दहा किलो चुनी आणि पाच किलो तीळ किंवा सूर्यफूल पेंड अशी जोडी, एकट्या कोणत्याही पेंडीपेक्षा, सोयाबीनची जागा अधिक चांगली घेते. अडचण तंतूंची आहे. चुनीत टरफल आणि सूर्यफुलाच्या पेंडीत साल असल्याने लहान पिल्लाचे पोट भरते पण पोषण होत नाही. करडईच्या पेंडीचेही तेच. गाभण मादीचे मोठे आतडे मात्र तंतू चांगले आंबवते आणि अशा खुराकाने ती शांत राहते, म्हणून चुनीचा पहिला हक्क तिचा समजावा.

ॲझोला या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतीबद्दल फार विचारले जाते. तिच्यात प्रथिने 25 टक्के असतात हे खरे, पण सुक्या वजनावर. ओल्या ॲझोलात 93 ते 95 टक्के पाणी असते, म्हणजे किलोभर ॲझोलातून साधारण 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. पन्नास किलोच्या डुकराला दिवसाला 300 ग्रॅमहून अधिक प्रथिने लागतात. त्यासाठी 20 किलो ॲझोला कोणते डुक्कर खाणार? पूरक हिरवा चारा म्हणून मूठ-दोन मूठ द्यावी. लसूणघासही तशीच, माद्यांसाठी उत्तम. सुबाभळीचा पाला शेळ्यांना चालतो, डुकरांना नाही. त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात आणि वाढ थांबते.

भाव कसा काढावा आणि बदल कसा करावा

समजा सोयाबीन पेंड 45 रुपये किलो आणि सूर्यफुलाची पेंड 28 रुपये किलो आहे. हे भाव केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. शंभर किलो सोयाबीनमधून पचणारे लायसिन सुमारे अडीच किलो मिळते, म्हणजे एक किलो पचणारे लायसिन 1,800 रुपयांना पडले. सूर्यफुलातून ते 900 ग्रॅम मिळते, म्हणजे किलोला 3,100 रुपये. पोत्याच्या भावात स्वस्त दिसणारी पेंड इथे महाग ठरली. हा एकच निकष लावून सूर्यफूल बाद करू नये, कारण तिच्यातून मेथिओनिन आणि थोडी ऊर्जाही येते आणि लायसिनची भुकटी स्वस्त असेल तेव्हा गणित पुन्हा फिरते. परंतु गुलटेकडीच्या किंवा भवानी पेठेच्या बाजारात भाव विचारण्याआधी हा आकडा कागदावर असला पाहिजे.

वर दिलेले सगळे आकडे सरासरीचे आहेत आणि प्रत्येक घाण्याची, प्रत्येक मिलची पेंड वेगळी निघते. म्हणून नवा खुराक एकदम सर्व कळपाला लावू नये. सारख्या वयाच्या आणि वजनाच्या डुकरांचे दोन गट करावेत, एकाला जुना खुराक चालू ठेवावा आणि दुसऱ्याला सात ते दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने नव्यावर आणावे. दोन्ही गटांना दिलेले खाद्य रोज तोलून लिहावे, वजन दर पंधरवड्याला त्याच वेळी, सकाळी खाणे देण्यापूर्वी घ्यावे. सहा आठवड्यांनी खाल्लेल्या खाद्याला वाढलेल्या वजनाने भागले की एक किलो वाढीला किती किलो खुराक लागला ते कळते. त्याला त्या त्या खुराकाच्या किलोच्या भावाने गुणावे. नव्या गटाचा हा आकडा जुन्यापेक्षा कमी आला, तरच पुढच्या महिन्याची पेंड बदलावी.